भाड्याचं दुखणं

११ जुलै

कडक इस्त्रीस,

वॉर्डच्या व्हरांड्यात तू मला म्हणालीस, "मी सांगितलं होतं का तुला?" त्या क्षणी माझं सगळं बदललं. ट्यूटरबाईंशी भांडण झालं तेव्हा नाही, मी ॲप्रन काढून त्यांच्या टेबलावर आपटला तेव्हा नाही, प्राचार्यांनी "सही करा आणि निघा" म्हटलं तेव्हाही नाही. तोपर्यंत मी अगदी मजेत होतो. मला वाटत होतं, भरल्या वॉर्डात तुला 'बिनडोक' म्हणणाऱ्या बाईला मी जाब विचारला, तुझ्यासाठी कॉलेज लाथाडलं, आता मागं वळून बघितलं की तू डोळ्यांत पाणी आणून उभी असशील. वळलो. तू उभी होतीस. हातात बेडपॅन होतं. म्हणालीस ते म्हणालीस, आणि बेडपॅन रिकामं करायला निघून गेलीस.

फोनवर तू मला बंद करून टाकलंयस, म्हणून कागद. तुमच्या होस्टेलच्या रेक्टरबाई पत्रं फाडत नाहीत, आधी स्वतः वाचतात आणि मग देतात, हे मला ठाऊक आहे. बाई, नमस्कार.

बातमी अशी की मला दुसऱ्या शहरात, दुसऱ्या नर्सिंग कॉलेजात घेतलंय. पुन्हा दुसरं वर्ष, पुन्हा पहिल्या धड्यापासून. तू वर गेलीस, मी तिथंच. वर्गात मुलगे बोटांवर मोजण्याइतके, आणि ती बोटंही एकमेकांशी बोलत नाहीत. खोलीत एक सोबती आहे. पावाच्या भट्टीवर काम करतो. मी जागा असतो तेव्हा तो झोपलेला असतो, तो उठतो तेव्हा मी ड्युटीवर गेलेलो. त्याला मी अजून जागं पाहिलेलं नाही. मी त्याच्या चपला ओळखतो, इतकीच आमची ओळख. खोलीला पिठाचा वास येतो, त्यावरून समजायचं की माणूस राहतो.

बाबांनी हात वर केले. "आता स्वतःच्या पायावर उभा राहा. उभा राहिलास की कळव," म्हणाले. आई फोन करते, पण बाबा अंघोळीला गेले की. बाबांची अंघोळ म्हणजे कावळ्याची. तिचं 'जेवलास का' होईपर्यंत नळ बंद होतो.

तेव्हा काम शोधायला हवं. पहिल्या सत्राची फी कशीबशी भरली. दुसऱ्याची नाही भरली तर परीक्षेला बसता येणार नाही आणि मग मी दुसऱ्यांदा कॉलेज सोडलेला होईन. एकदा सोडलं तर लोक म्हणतात रागीट. दोनदा सोडलं की म्हणतात, याचं असंच.

३० जुलै

कडक इस्त्रीस,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, तुझी परीक्षा असेल.

नर्सिंग शिकणाऱ्याला काम मिळणं म्हणजे काय असतं, ऐक. आपलं घोडं कुठं अडतं हे तुला माहीतच आहे: एक महिना सकाळची ड्युटी, दुसरा महिना दुपारची, मध्येच बाळंतपणाच्या वॉर्डात रात्रीची. महिन्याला वेळ बदलणारा माणूस कुणाला हवाय?

औषधाच्या दुकानात गेलो. मालक गल्ल्यावर बसून बडीशेप चघळत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तुमची ड्युटी बदलली की आमच्या गिऱ्हाइकांनीही वेळ बदलून आजारी पडायचं?" दुकानातले सगळे हसले. मीही हसलो असतो, पण मी मी आहे. काहीतरी बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, रेक्टरबाई वाचतात.

पार्सलच्या गोदामात लागलो. खोकी उचलायची, पत्ता बघून त्या त्या भागाच्या जाळीच्या पिंजऱ्यात टाकायची. काम बरं होतं, बोलावं लागत नव्हतं. पण एका सकाळी वॉर्डात पेशंटची नाडी मोजता मोजता मला उभ्याउभ्या झोप लागली. पेशंटच म्हणाला, "भाऊ, माझी चालू आहे, तुमची बघा." ते काम सोडलं.

मग एक संस्था सापडली, घरोघरी रुग्णसेवेला माणसं पाठवणारी. वेळ तुम्ही सांगाल ती. मी म्हटलं, देव पावला. तिथली बाई म्हणाली, "सलाईन लावता येतं ना? मग झालं. नर्स म्हणूनच पाठवतो. घरच्यांनी विचारलं तर मान हलवायची." मी म्हटलं, मी अजून शिकतोय, एकट्यानं सलाईन लावायची मला परवानगी नाही. "परवानगी कोण विचारतंय?" म्हणाली. आवाज चढला. माझाच. बाहेर आलो तेव्हा जिन्यात माझ्यासारखीच एक मुलगी फाइल धरून उभी होती. तिनं विचारलं, "आत काय विचारतात?" मी म्हटलं, "काहीच विचारत नाहीत, तीच भानगड आहे." तिला कळलं नाही. ती आत गेली.

२१ ऑगस्ट

कडक इस्त्रीस,

मिळालं! हसायचं नाही. मी पेशंट झालोय.

शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या रुग्णालयाचं नर्सिंग कॉलेज आहे. त्यांच्या सरावाच्या खोलीत पुतळे आहेतच, आपल्याकडे होते तसे, एक हात निखळलेले. पण पुतळा कण्हत नाही, लाजत नाही, खोटं बोलत नाही. म्हणून ते माणसं ठेवतात. फक्त शनिवारी आणि रविवारी, आमच्या कॉलेजच्या सुट्टीच्या दिवशी. ड्युटी कुठलीही असो, अडचण नाही. कॉटवर पडायचं, कुठं दुखतंय ते सांगायचं, विद्यार्थी येतात, विचारपूस करतात, बी.पी. घेतात, हात धुतात, जातात. मग दुसरी जोडी. पुन्हा पहिल्यापासून दुखायला लागायचं.

प्रत्येकाला एक पात्र दिलेलं असतं. माझं असं: गवंडी, वय तीस, कालपासून पोटात दुखतंय, उलटी नाही, घरी बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. सगळे ठणठणीत आणि माझ्यावर जीव टाकणारे. दुखणं भाड्याचं, बायकोही भाड्याची. तिचा स्वभाव दिलेला नाही, तो मी घातला. तिचे कपडे कायम कडक इस्त्रीचे असतात. रागावू नकोस, मुलं तुझ्यावर गेलेली नाहीत.

शेजारच्या कॉटवर कंडक्टरकाका असतात. बसमधून निवृत्त झाले आणि इथं हृदयविकाराला लागले. छातीवर हात ठेवून असे काही घाम पुसतात की पहिल्या दिवशी मीच उठून बसलो. "बस खाली," डोळे न उघडता म्हणाले. "मी इथं इतक्यांदा मेलोय की यम आता मला पास मागत नाही."

खोली सांभाळणाऱ्या मॅडम धारदार आहेत. पहिल्याच दिवशी माझ्या कॉटपाशी उभ्या राहिल्या. "तुम्ही नर्सिंगचे ना?" मी म्हटलं, कसं ओळखलंत? "बी.पी.चा पट्टा बांधायच्या आधीच हात उताणा करून बरोबर उंचीवर ठेवलात. गवंडी असं ठेवत नाही. वाकडा ठेवा, आखडून घ्या. त्यांना सरळ करू दे, त्यातच त्यांचं शिक्षण आहे." आणि एक ताकीद दिली, सगळ्यांना देतात ती: सरावात थोडं इकडंतिकडं चालेल, पण परीक्षेत दिलेल्या उत्तराबाहेर एक शब्द नको. सगळ्या मुलांना पेशंट सारखाच मिळाला पाहिजे.

आता एक गोष्ट सांगतो, ती वाचून पुढं जा, तिथं थांबू नकोस. या शहरात आल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता. भांडणात धक्काबुक्कीसुद्धा नाही. इथं शनिवारी दिवसभर कुणीतरी मनगट धरतं. काहींचे हात घामेजलेले, काहींचे थरथरते, एक जण तर माझी नाडी अंगठ्यानं बघतो आणि स्वतःचीच मोजतो. एक चष्मेवाली आहे, तिचे हात बर्फासारखे. तिला ते माहीत आहे. म्हणून ती आधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळते, मगच हात लावते. आणि सगळे विचारतात, "आता कसं वाटतंय?" कागदावर लिहिलंय म्हणून विचारतात, मला कळत नाही असं नाही. तरी विचारतात.

१७ सप्टेंबर

तुझं कार्ड आलं.

"हजेरी सांभाळ." दोन शब्द, खाली सही नाही. अक्षर तुझंच, 'ह'ची शेपटी तशीच. मी ते कार्ड उलटं केलं, उजेडात धरलं, वास घेतला. दुसरं काही नव्हतं. एखाद्यानं याचा अर्थ लावला असता की या मुलीला पिच्छा सोडवायचाय. मी लावलेला अर्थ असा, की तुला माझी हजेरी कमी होईल याची काळजी वाटते. कंडक्टरकाकांना दाखवलं. ते म्हणाले, "सुटे नसले की बाई असंच तुटक बोलते." मी विचारलं, म्हणजे? म्हणाले, "म्हणजे काही नाही. जपून ठेव."

हजेरी सांभाळतोय. एक दिवसही बुडवलेला नाही. शनिवार-रविवार मिळून फीचं जमतंय. अजून दोन महिने हे काम टिकलं की मी परीक्षेला बसलो म्हणून समज. कुणाशी भांडलो नाही. भांडायला इथं ओळखीचं कुणी लागेल ना.

८ ऑक्टोबर

कडक इस्त्रीस,

काल त्यांच्या मुलामुलींची मोठी परीक्षा होती. बाहेरून परीक्षक आल्या होत्या. प्रत्येक कॉटला ठरलेला वेळ, मग घंटा, मग पुढची कॉट. मला माझं उत्तर ऐन वेळी आठवलं नाही. थोडा गोंधळ झाला. परीक्षा आहे, व्हायचंच. बाकी विशेष नाही. खोलीतला भट्टीवाला सोडून गेला. तू बरी असशील.

१६ ऑक्टोबर

मागचं पत्र मी खोटं लिहिलं. 'विशेष नाही' हे तर सपशेल खोटं.

परीक्षेच्या सकाळी उठलो तर दारापाशी चपला नव्हत्या. त्याची गादी गुंडाळलेली, खिळ्यावरचा शर्ट गेलेला. घरमालक म्हणाला, त्याला दुसरीकडं काम लागलं, कालच गेला. ज्या माणसाशी मी एक शब्द बोललो नाही, ज्याचा चेहरा मी झोपेतला तेवढा पाहिलाय, तो गेला म्हणून मी त्या गुंडाळलेल्या गादीवर जाऊन बसलो. वेडेपणा आहे. खोलीला पिठाचा वास तेवढा राहिला होता.

तसाच जाऊन कॉटवर पडलो. गवंडी झालो. दोन-तीन मुली नीट गेल्या. मग चष्मेवाली आली. तळवे चोळले, मनगट धरलं, कुठं दुखतंय विचारलं, मी बेंबीपाशी दाखवलं. सगळं रीतसर. मग म्हणाली, "घरी कोण असतं तुमच्या?"

बायको, दोन मुलं, म्हातारी आई. इतकंच म्हणायचं होतं. इतक्या शनिवारी म्हटलंय. तोंड उघडलं आणि म्हणालो, "कोणी नाही."

ती चमकली. तिच्या माहितीत असं उत्तर नव्हतं. तिनं हळूच विचारलं, "कुणीच नाही?" आणि मला रडू फुटलं. कण्हण्याचं नाही, खरंखुरं, नाक गळणारं. मी तिला सांगितलं की एक जण आहे, तिला मी पत्रं लिहितो, ती वाचते की नाही ठाऊक नाही. हे मी तुझ्याबद्दल एका परक्या मुलीला भर परीक्षेत सांगितलं.

तिच्या हातात बी.पी.चा पट्टा होता. तो तिनं बाजूला ठेवला. स्टूल ओढून बसली आणि माझं मनगट धरून राहिली. नाडी मोजत नव्हती, नुसती धरून होती. "रडा," म्हणाली. "मी आहे इथं." परीक्षक मागे उभ्या होत्या, घड्याळ बघत होत्या. मला दिसत होतं. मी म्हणायला हवं होतं की बाई, पट्टा बांध, वेळ चाललाय. मला एवढं येतं, मी शिकलोय ते. पण मी गप्प राहिलो. कारण तिनं हात सोडला असता.

घंटा वाजली.

बी.पी. घेतलं नाही, हात धुतले नाहीत, नोंद सांगितली नाही. परीक्षकांनी शून्य लिहिलं. ती कॉट सक्तीची होती, म्हणजे सगळाच विषय गेला. पुन्हा परीक्षा सहा महिन्यांनी, तोवर तिला पुढच्या वर्षात बसू देणार नाहीत. हे मला काल कंडक्टरकाकांनी सांगितलं. डोळे मिटून, छातीवर हात ठेवून सांगितलं, कारण मॅडम समोरून जात होत्या. शेवटी म्हणाले, "अरे, रडायचं होतं तर सरावाच्या दिवशी रडायचं. मी नव्हतो का शेजारी?"

माझं डोकं फिरलं. मुलगी माणसासारखी वागली म्हणून तिला शून्य! मी उठलोच, तो मागून उघडा असलेला निळा गाऊन सावरत, की आत्ता जातो आणि त्या मॅडमना विचारतो, तुम्ही नर्स घडवता की घड्याळं? काकांनी गाऊनची नाडी धरून मला खाली बसवलं. "आणि मग?" म्हणाले. "तू बोलशील आणि जाशील. तिला इथंच राहायचंय."

मी बसून राहिलो. विचार करायला आठवडा माझ्या हातात आहे. तोंड उघडलं तर हे काम जाणार, कारण उत्तराबाहेर गेलेला पेशंट कोण ठेवेल? काम गेलं की फी गेली आणि फी गेली की मीही. नाही उघडलं तर त्या सगळ्यांना वाटतंय तेच खरं ठरणार, की ती वेळेत काम करू शकली नाही. परीक्षकांना काय माहीत मला कुठलं उत्तर दिलं होतं?

तू काय केलं असतंस, हे मी विचारत नाही.

२३ ऑक्टोबर

कडक इस्त्रीस,

काल गेलो. गाऊन घालायच्या आधी चष्मेवालीला शोधलं. हात धुण्याच्या बेसिनपाशी एकटीच उभी होती, बोटांच्या बेचक्या घासत. मला बघून नळ बंद केला.

मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "मला एवढंच सांगा. ते खरं होतं ना?"

"काय?"

"रडणं. सगळ्या मला हसतात. नकली पेशंटच्या नकली रडण्याला भुलली म्हणतात. मॅडमसुद्धा म्हणाल्या, अगं, तो त्यांचा अभिनय असतो. मी म्हटलं, नाही, हात गार पडले होते त्यांचे, ते कुणाला करता येत नाही." मग माझ्याकडं बघायचं टाळून म्हणाली, "की येतं?"

"खरं होतं," मी म्हटलं.

तिनं एवढा मोठा श्वास सोडला. "मग ठीक आहे."

"ठीक कसं? वर्ष गेलं तुमचं."

"गेलंच आहे. पण मी मूर्ख तर नाही ना."

मी म्हटलं, "मी आत जाऊन सांगू का, की चूक माझी होती? तुम्ही म्हणालात तर सांगतो. नको म्हणालात तर नाही."

तिनं नळ आणखी आवळला. तरी थेंब पडत होते. "तुमचं काम जाईल."

"जाईल."

"सांगा," म्हणाली. मग घाईनं, "पण आवाज चढवू नका हं. मला इथं अजून दीड वर्ष काढायचंय."

मॅडम टेबलाशी बसून कापसाचे बोळे डब्यात भरत होत्या. मी उभा राहिलो आणि सांगितलं. मला दिलेलं उत्तर हे होतं, मी दिलेलं उत्तर ते होतं. तिच्यापुढं जो पेशंट आला तो बाकीच्यांच्या पुढं आलाच नव्हता. इतकंच. 'माणुसकी', 'घड्याळ', सगळे शब्द जिभेवर येऊन बसले होते, त्यांना तिथंच बसवून ठेवलं. मॅडमनी विचारलं, "आणि तुम्ही उत्तर का बदललंत?"

"तिनं विचारलं, घरी कोण असतं."

"हो. मग?"

"मग काही नाही. खरं होतं ते निघून गेलं तोंडातून."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "हे मला परीक्षेच्या दिवशीच कळायला हवं होतं," म्हणाल्या. "बाहेरच्या परीक्षकांना मी लिहीन. तिला पुन्हा संधी द्यायची की नाही, ते ठरवतील. वचन देत नाही." मग माझ्याकडं नीट बघून, "तुम्ही चांगले पेशंट होतात. हात वाकडा ठेवायला शिकलात. पण या खोलीत कुणाला खरोखरचं दुखून चालत नाही, कळतंय ना? मुलं शिकायला येतात."

"कळतंय."

"गाऊन पडद्यामागं ठेवून जा. आणि काहीतरी खा. चेहरा बघा."

कमाल वाटेल तुला, मला राग आला नाही. शोधला, सापडला नाही. पडद्यामागं गेलो. गाऊन काल घातलाच नव्हता, तरी पिशवीतून काढून घडी घातली, आपल्याला शिकवली होती तशी, कडा आत. आता पुन्हा औषधाच्या दुकानात जावं लागेल. त्या मालकापुढं जाऊन म्हणावं लागेल की गिऱ्हाइकांनी वेळ बदलू नये, मीच बघतो काय ते. फी भरायला वेळ थोडा आहे आणि यावेळी मला कॉलेज सोडायचं नाहीये. हजेरीसाठी नाही. मला पट्टा बांधायला आवडतो. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पडद्याच्या पलीकडं सराव सुरू झाला होता. कंडक्टरकाका कण्हायला लागले होते. त्यांचं पहिलं कण्हणं नेहमी जरा जास्तच असतं, मग रंगतात. तळवे एकमेकांवर चोळल्याचा आवाज आला. मग चष्मेवालीचा: "काका, मी आज तुमची काळजी घेणार आहे. घरी कोण असतं तुमच्या?"

"अगं, अख्खी बस भरलीय," काका म्हणाले. "आणि सगळे बिनतिकीट."

मुली हसल्या. मीही. माझं हसू पडद्याबाहेर गेलं असावं, कारण त्या एकदम गप्प झाल्या.

मी बाहेर आलो. कॉटच्या रांगेतून जाताना कुणी वर पाहिलं नाही, सगळ्यांच्या हातात कुणाचं ना कुणाचं मनगट होतं आणि ओठ मोजत होते. मोजताना बोलायचं नसतं. मी दरवाज्याची मूठ फिरवून धरली, कडी वाजू नये म्हणून, आणि बाहेर पडून दार लावून घेतलं.